एका डोळ्याचे भिंग, दुसऱ्या डोळ्याचा विचार



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नेत्र विभागात एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळते. परिचारिका विचारते, "बाबा, भिंग कोणते टाकायचे?" आणि धोतराच्या सोग्याने डोळा टिपीत बाबा म्हणतात, "तुमच्या मनाने टाका, माय. आम्हाला काय कळतंय त्यातलं?" तालुका हिंगोली असो, कळमनुरी, सेनगाव, वसमत असो की औंढा नागनाथ असो, उत्तर सहसा बदलत नाही. या उत्तरात डॉक्टरांवरील विश्वास आहे आणि तो आदरास पात्र आहे. तथापि ज्या गोष्टीची माहिती फक्त बाबांनाच आहे, ती गोष्टही या उत्तरामुळे बोलावयाची राहून जाते. बाबा रात्री शेतावर जातात की नाही, मोटारसायकल चालवितात की नाही, पोथी वाचतात की नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांचा दुसरा डोळा आजवर त्यांना कसा उपयोगी पडत आला, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असेल आणि दोन्हींची शस्त्रक्रिया थोड्या अंतराने व्हावयाची असेल, तर निवड तुलनेने सोपी असते. दोन्ही डोळे नव्याने जुळविता येतात. परंतु एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची असते, तेव्हा नवे भिंग एका जुन्या सोबत्याबरोबर नांदावयाचे असते. जुवाला एक बैल उंच आणि एक ठेंगणा जोडला, तर दोन्ही बैल धडधाकट असूनही तास सरळ निघत नाही, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डोळ्यांचेही तसेच आहे. एका डोळ्याच्या भिंगाची निवड ही वस्तुतः दुसऱ्या डोळ्याकडे पाहून करावयाची निवड होय.

या विषयाला शासकीय नोंदीची एक बाजू आहे, ती प्रथम सांगणे इष्ट ठरेल. भारत सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा प्रकल्प राबविण्यात आला आणि त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. त्या प्रकल्पाच्या मध्यावर हिंगोलीचा भाग अद्याप परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नास वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. हे सर्व आकडे मोलाचे आहेत. पण ते चांगल्या डोळ्याच्या दृष्टीवरून काढलेले असतात. २०१७ पासून आपल्या देशात चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल तर त्या व्यक्तीस अंध समजतात. त्यापूर्वी ही मर्यादा ६/६० होती. म्हणजे ज्याचा एक डोळा मोतीबिंदूने पूर्ण गेला आहे, पण दुसरा शाबूत आहे, तो मनुष्य अंधत्वाच्या कोणत्याच आकड्यात येत नाही. घरातही तो आजारी समजला जात नाही आणि स्वतःही तो तक्रार करीत नाही, कारण त्याचे दिसणे बंद झालेले नसते.

बंद होते ते अंतर समजणे. वस्तू किती लांब आहे, पायरी किती खोल आहे, समोरून येणारा ट्रक किती वेगाने जवळ येत आहे, याचा बारीक अंदाज दोन डोळ्यांतील किंचित वेगळ्या प्रतिमांच्या मेळातून मेंदू बांधतो. एका डोळ्याने हा अंदाज पुष्कळसा सवयीवर चालतो. तपेल्यातून दूध ओतताना धार बाहेर जाते, विहिरीच्या पायऱ्या उतरताना पाय चुकतो, सुईत दोरा ओवण्यास पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ लागतो. अशा माणसाला "एक डोळा आहे की धड, मग घाई कशाला?" असे म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. मोतीबिंदू पिकू द्यावा, मगच काढावा, ही समजूत ज्या काळात शस्त्रक्रियेची पद्धत निराळी होती त्या काळातली आहे. आज अति पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते, आणि तो डोळ्यात फुटून काचबिंदू उद्भवल्यास डोळा कायमचा गमावण्याचाही धोका असतो.

एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेस पूर्वीचे डॉक्टर टाळाटाळ करीत, हेही खरे आहे, आणि त्यामागे सबळ कारण होते. डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढून टाकल्यावर त्या जागी काहीच बसविले जात नसे. त्याऐवजी सुमारे अधिक दहा नंबरचा जाड काचेचा चष्मा मिळे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील नेत्रशिबिरे ज्यांना आठवतात, त्यांना तो चष्मा आणि त्यामागचे मोठे दिसणारे डोळेही आठवत असतील. या काचेतून वस्तू चांगली पाव पटीहून अधिक मोठी दिसते. दोन्ही डोळ्यांचे भिंग काढलेले असेल तर माणूस त्या मोठ्या जगाला कसाबसा सरावतो. पण एक डोळा निरोगी असेल तर? एका डोळ्याला बैल बैलाएवढा दिसे आणि दुसऱ्याला हत्तीच्या पिलाएवढा. या दोन प्रतिमा मेंदूला एकत्र करता येत नाहीत. माणसाला दोन दोन दिसते, गरगरते, आणि शेवटी तो चष्मा काढून खुंटीला टांगतो. शस्त्रक्रिया यशस्वी आणि डोळा निरुपयोगी, अशी ही स्थिती होती. चष्मा फुटला वा जत्रेत हरवला, तर दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेला माणूसही पुन्हा आंधळा होई.

क्लोद मोने या जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ साली झाले. अकरा वर्षे त्याने चालढकल केली आणि १९२३ साली केवळ उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर त्याला वस्तू वाकड्या दिसू लागल्या आणि रंग बदललेले भासू लागले, कारण पिवळसर झालेले नैसर्गिक भिंग एका डोळ्यातून निघून गेले होते आणि दुसऱ्यात तसेच होते. रंगावर ज्याचे आयुष्य उभे, त्याच्या दोन डोळ्यांत रंगांबद्दल एकमत राहिले नाही. १९२६ साली त्याचे निधन झाले तोवर डाव्या डोळ्याला हात लावण्यास त्याने संमती दिली नाही.

या कोंडीतून मार्ग काढला तो लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पारदर्शक प्लॅस्टिकचे कण घुसलेले असत, आणि ते कण डोळा निमूटपणे सहन करी, असे त्यांच्या ध्यानात आले. त्याच प्लॅस्टिकचे भिंग बनवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते पहिल्यांदा डोळ्यात बसविले. त्यांच्या समव्यवसायिकांनी अनेक वर्षे या कल्पनेला विरोध केला. भारतात भिंग परदेशातून येत असे तोवर ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते. १९९२ साली मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालयाच्या संस्थेने ऑरोलॅब हा कारखाना काढून हे भिंग देशात बनविण्यास सुरुवात केली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. डोळ्याच्या आतच भिंग बसल्याने प्रतिमेचा आकार जवळपास नैसर्गिक राहतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली ती यामुळे. मराठवाड्यातील लोकांना यात अभिमान वाटावा असाही एक भाग आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र डॉ. तात्याराव लहाने यांनी सरकारी रुग्णालयात राहून अशा शस्त्रक्रिया एक लाखाहून अधिक केल्या आणि २००८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू.

भिंगाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ उडतो. एक आहे भिंगाचा प्रकार. दुसरी आहे भिंगाचा नंबर. गावात चर्चा होते ती प्रकाराची, कारण किंमत त्यावर ठरते. डोळ्याचे भवितव्य मात्र अधिक प्रमाणात नंबरावर ठरते, आणि नंबराबद्दल कोणी विचारीत नाही.

नंबर काढण्यासाठी डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी आणि समोरच्या पारदर्शक पटलाची गोलाई मोजतात. सर्वसाधारण डोळ्यात सुमारे वीस डायॉप्टर शक्तीचे भिंग बसते. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. इतके हे माप नाजूक आहे. औंढ्याजवळ दुधाळा येथे लेसर किरणांच्या साहाय्याने गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिची मापे कल्पनेपलीकडे सूक्ष्म असतील. पण त्याच तालुक्यातील एखाद्या आजीबाईच्या डोळ्याचे माप घेताना एक दशांश मिलिमीटरही सोडून चालत नाही, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. मोजमापाच्या दिवशी "उशीर झाला, एसटी चुकेल" म्हणून रुग्णाला घाईने ओढून नेणारे नातेवाईक आपल्याच माणसाचे नुकसान करतात. दोन्ही डोळ्यांची मापे घेण्याचा आग्रह धरावा. एका डोळ्याचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहिले की चूक लगेच पकडता येते.

हे माप हाती आल्यावर डॉक्टरांना ठरवावे लागते की शस्त्रक्रियेनंतर हा डोळा कोणत्या अंतरासाठी जुळवावयाचा. समजा, साठीचा एक शेतकरी आहे. त्याचा डावा डोळा चष्म्याविना लांबचे स्वच्छ पाहतो. उजव्यात मोतीबिंदू आहे. त्याच्यासाठी उजवा डोळाही लांबच्या दृष्टीला जुळविणे हे सरळ उत्तर आहे. वाचण्यापुरता जवळचा चष्मा त्याला आधीपासून लागतच होता, तो पुढेही लागेल. यासाठी साधे एककेंद्री भिंग पुरेसे असते आणि त्यात कोणताही कमीपणा नाही.

याउलट एका निवृत्त शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. लहानपणापासून त्यांना दोन्ही डोळ्यांना उणे सहा नंबरचा चष्मा आहे. रात्री चष्मा काढून, पुस्तक डोळ्याजवळ धरून वाचण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आहे. डाव्यात नुकती सुरुवात आहे. शस्त्रक्रियेनंतर उजव्या डोळ्याचा नंबर शून्य झाला, तर सगळे त्यांचे अभिनंदन करतील. पण घरी आल्यावर गुरुजींच्या लक्षात येईल की डाव्या डोळ्यासाठी उणे सहाची काच लावली की दोन डोळ्यांच्या प्रतिमा लहानमोठ्या होतात, आणि न लावली तर डावा डोळा धूसर राहतो. दोन डोळ्यांच्या चष्म्यात तीन डायॉप्टरहून अधिक फरक असला तर बहुतेकांना तो सोसत नाही. शिवाय चष्मा न लावता वाचण्याचे सुख उजव्या डोळ्यापुरते कायमचे गेले. मोनेला आणि जुन्या जाड चष्म्याच्या रुग्णांना जो त्रास झाला, त्याचीच ही सौम्य आवृत्ती होय.

अशा गुरुजींपुढे दोन मार्ग असतात. उजवा डोळा मुद्दाम उणे दोन ते उणे तीनच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे डाव्याशी फरक आवाक्यात राहील आणि जवळचे चष्म्याविना दिसत राहील. लांबसाठी चष्मा चालू राहील. किंवा उजवा शून्यावर आणून डाव्याची शस्त्रक्रिया काही आठवड्यांतच करून घ्यावी. दुसरा मार्ग चांगला आहे, पण तो पत्करणाऱ्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेला यावयाचेच असते. सोयाबीनची काढणी, लग्नसराई, मग हळद शिजविण्याचे दिवस, असे करता करता दुसरा डोळा दोन वर्षे मागे पडतो, आणि तोवर माणूस एका डोळ्यानेच वावरत राहतो. ज्याला पुन्हा येणे जमणार नाही, त्याने ते आधीच सांगावे. डॉक्टर त्याप्रमाणे नंबर निवडू शकतात.

तिसरा एक पर्याय आहे. घरातील आजी दिवसभर धान्य निवडते, शिवणटिपण करते. तिचा एक डोळा लांबचे चांगले पाहतो. मोतीबिंदू काढलेला डोळा थोडा जवळच्या बाजूला जुळविला, तर एकाने लांब व एकाने जवळ अशी वाटणी होऊन बराच वेळ चष्म्याविना भागते. काहींना ही वाटणी मानवते, काहींना मुळीच मानवत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चाचणीच्या चष्म्याने अथवा स्पर्शभिंगाने ती अनुभवून पाहणे श्रेयस्कर. फरक दीड-दोन डायॉप्टरच्या पुढे न्यावयाचा नसतो.

आता प्रकार. कडक भिंग आणि घडी होणारे भिंग हा पहिला भेद. कडक भिंगाला सुमारे सहा मिलिमीटरची वाट लागते. घडीचे भिंग तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून आत जाऊन उलगडते. या दोन पद्धतींची तुलना महाराष्ट्रातच झालेली आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर चष्म्याविना ६/१८ किंवा अधिक चांगली दृष्टी यंत्राच्या लहान छेदाच्या पद्धतीत सुमारे ८१ टक्के, तर हाताने करावयाच्या लहान छेदाच्या पद्धतीत सुमारे ७१ टक्के रुग्णांना मिळाली. योग्य चष्मा लावल्यावर मात्र दोन्ही गटांत हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर गेले. अर्थ असा की सरकारी रुग्णालयात मोफत बसविलेले कडक भिंग हे दुय्यम प्रतीचे भिंग नव्हे; फक्त त्याच्या रुग्णाने सहाव्या आठवड्यात परत येऊन चष्मा घेणे अधिक अगत्याचे आहे. ग्रामपंचायतीला या कामी काही करावयाचे असेल तर रुग्णांना नेण्यासाठी गाडी देतात, तशीच ती सहाव्या आठवड्यात पुन्हा द्यावी. नेताना फुले आणि छायाचित्रे असतात. परतीच्या तपासणीला सहसा कोणी नसते.

बहुकेंद्री भिंगाविषयी सर्वांत अधिक कुतूहल असते. "एकदा टाकले की चष्मा नाही" अशी त्याची ख्याती झाली आहे. हे भिंग येणारा प्रकाश लांब आणि जवळ यांच्यात वाटून देते. वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणारच. अंधूक उजेडात फिकट वस्तू पार्श्वभूमीतून वेगळी ओळखण्याची शक्ती थोडी घटते आणि रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. शहरातील कचेरीत बसणाऱ्यास याचे फारसे वाटणार नाही. पण ज्याच्या शेतपंपाला वीज रात्री मिळते, जो मध्यरात्री बांधावरून चालत जाऊन पाण्याचे दार फिरवितो, ज्याला समोरच्या वाहनाचे दिवे डोळ्यांवर घेत मोटारसायकल हाकावी लागते, त्याने हे भिंग निवडण्यापूर्वी दहादा विचार करावा. शिवाय हे भिंग दोन्ही डोळ्यांत असते तेव्हा त्याचा लाभ अधिक मिळतो. एकाच डोळ्यात बसविल्यास दुसऱ्या, वेगळ्या रीतीने पाहणाऱ्या डोळ्याशी त्याची तुलना मेंदू सतत करीत राहतो. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेले असेल, काचबिंदू असेल, डोळ्यात फूल पडलेले असेल, तर ते सहसा टाळतात. चष्मा लागणे ही उणीव आहे असे मानून कर्ज काढण्याची गरज नाही. साध्या भिंगाची किंमत काही शे रुपयांपासून सुरू होते. बहुकेंद्री भिंगाची दहा दहा हजारांच्या पटीत जाते. या दोहोंमधला फरक हा स्वच्छ आणि अस्वच्छ दृष्टीतला फरक नव्हे. योग्य चष्म्यासह साधे भिंगही तितकीच, रात्रीच्या वेळी कदाचित अधिक चांगली, दृष्टी देते.

समोरच्या पटलाच्या गोलाईत असमानता असेल, म्हणजे चष्म्यात तिरपा नंबर बराच असेल, तर त्यासाठी खास 'टोरिक' भिंग असते. ते ठरलेल्या कोनातच बसावे लागते. एका अंशाने फिरले की त्याचा सुमारे तीन टक्के गुण जातो, आणि तीस अंशांनी फिरले तर सर्वच जातो. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यावर कोपऱ्यातून मांस वाढते, तेही ही गोलाई बिघडविते. ते मोठे असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करून मग माप घेणे योग्य. पिवळ्या छटेचे भिंग दृष्टिपटलाचे रक्षण करते असे सांगून विकले जाते. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात तसा निश्चित पुरावा आढळला नाही.

ज्याचा दुसरा डोळा पूर्वीच गेलेला आहे, त्याच्यासाठी प्रयोगाला वाव नाही. उरलेल्या डोळ्यात साधे, खात्रीचे भिंग, आणि शस्त्रक्रिया तालुक्याच्या तात्पुरत्या शिबिरात नव्हे तर सर्व सोयींनी युक्त रुग्णालयात. शासनाचे धोरणही आता हेच आहे. गावात शिबिर होते ते तपासणीचे. शस्त्रक्रिया रुग्णालयातच होते.

शिक्षकांसाठी थोडे स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू म्हातारपणीच येतो असे नाही. विटी लागते, फटाका उडतो, पराटीचे खुंट किंवा ज्वारीचे धसकट डोळ्यात जाते, बैलाचे शिंग लागते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातले भिंग पांढरे पडते. मूल काही सांगत नाही. सांगणार तरी काय? दुसऱ्या डोळ्याने फळा दिसतच असतो. बाहुलीत पांढरा ठिपका, नव्याने आलेला तिरळेपणा, एक डोळा झाकला असता मुलाची चुळबुळ, एवढ्या खुणा वर्गात ओळखता येतात. एकेक डोळा तळहाताने झाकून फळ्यावरील अक्षरे वाचावयास लावणे, यास खर्च शून्य आणि वेळ एक तास लागतो. मोठ्या माणसाचा डोळा सहा महिने थांबू शकतो. मुलाचा थांबू शकत नाही, कारण वापरात नसलेल्या डोळ्याचे पाहणे मेंदू शिकतच नाही, आणि ते वय उलटल्यावर उत्तमातले उत्तम भिंगही ती दृष्टी आणू शकत नाही.

मुलांच्या बाबतीत निवडही निराळी. डोळा अजून वाढावयाचा असतो, म्हणून आज नेमका बसणारा नंबर दहा वर्षांनी चुकतो. डॉक्टर जाणूनबुजून थोडा कमी शक्तीचा नंबर निवडतात आणि मधली वर्षे चष्म्याने भरून काढतात. सात महिन्यांच्या आतील, एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ अर्भकांचा अमेरिकेत अभ्यास झाला. डोळ्यात भिंग बसविणे आणि स्पर्शभिंग वापरणे या दोन उपायांत पाच वर्षांनंतर दृष्टीचा फरक आढळला नाही. उलट भिंग बसविलेल्या मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया अधिक वेळा करावी लागली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून दुबळ्या डोळ्याला कामाला लावावे लागते. ही पट्टी घरी निघते, शाळेतही निघते, कारण मुले चिडवितात. ती टिकविणे हे वर्गशिक्षकाच्या हातचे आहे.

हिंगोलीत ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. एरवी नांदेड, परभणी वा जालन्याच्या वाटेने जाणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांची सोय पुढील काळात येथेच व्हावी, अशी अपेक्षा बाळगता येईल. कोठेही जावे, पण जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: दुसऱ्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर आणि शक्य असल्यास जुना चष्मा, रुग्णाचा दिवसभराचा उद्योग, मधुमेह व रक्तदाब यांची औषधे, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा येणे जमेल की नाही. ज्येष्ठ माणूस संकोचाने बोलत नसेल, तर आशा कार्यकर्तीने किंवा सोबतच्या मुलाने हा कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. पैसे देऊन भिंग घ्यावयाचे असल्यास वेष्टनावरील छापील किंमत पाहून घ्यावी आणि पावती मागावी. तो मागणाऱ्याचा हक्क आहे.

शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर "मोतीबिंदू परत आला" किंवा "भिंग खराब निघाले" असा बोभाटा होतो. मोतीबिंदू परत येत नसतो. भिंगामागच्या पातळ पडद्यावर जाळी धरते आणि लेसरच्या साहाय्याने ती काही मिनिटांत मोकळी करता येते. त्यासाठी भिंग बदलावे लागत नाही.

भिंगाच्या डबीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर भिंगाचे नाव, शक्ती, अनुक्रमांक आणि मुदत छापलेली असते, आणि ती रुग्णाच्या कार्डावर लावून देतात. हे कार्ड गळ्यातील पिशवीत भिजते, नाहीतर नातवंडांच्या वहीत जाते. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या डोळ्याची पाळी येते तेव्हा डॉक्टर पहिल्या डोळ्यातील भिंगाचा नंबर विचारतात, कारण दुसरा डोळा आता त्याच्याशी जुळवावयाचा असतो. ते कार्ड सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावे. घरातील तेवढा एक कागद कधी हरवत नाही.